टीबी बरा झाला, मग ही बुरशी कुठली?

दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) किंवा पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग म्हणजे टीबी यांमुळे ज्यांची फुप्फुसे आधीच दुबळी झाली आहेत, अशा रुग्णांना होणाऱ्या बुरशीच्या आजारांविषयी नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता दिलेली ही उत्तरे आहेत. त्यामुळे औषध सुरू करणे, थांबवणे किंवा मात्रा बदलणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करावे.

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता आणि सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी एकही गोळी न चुकवता पूर्ण केला. गेल्या दोन वर्षांपासून त्यांना खोकला आहे, वजन उतरत चालले आहे आणि मधूनमधून बेडक्यात रक्त दिसते. एक्स-रे पाहून त्यांना दोनदा पुन्हा टीबीचाच कोर्स दिला गेला, पण फरक पडला नाही. आता सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी आणि तिच्यात गोळा असल्याचे सांगतात. हा कॅन्सर आहे का? बुरशी असेल, तर टीबी बरा झाल्यावर ती आली कुठून? — एक वाचक, कामठी

उत्तर : तुमच्या वडिलांचा टीबी बहुधा खरोखरच बरा झाला होता. टीबीचे जंतू औषधाने मरतात, पण त्यांनी फुप्फुसात पाडलेली पोकळी बुजतेच असे नाही. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू आपण सर्वजण रोज श्वासावाटे आत घेत असतो. ते २ ते ३ मायक्रॉन एवढे बारीक असतात, म्हणून नाकातल्या केसांना आणि घशातल्या चिकट स्रावाला चुकवून ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. निरोगी फुप्फुसातील संरक्षक पेशी त्यांचा लगेच फडशा पाडतात. जुन्या पोकळीत मात्र रक्तपुरवठा तोकडा असतो आणि कफ बाहेर टाकणारी यंत्रणा मोडलेली असते. ओस पडलेल्या वाड्यात पारवे वस्ती करतात, तशी बुरशी तेथे बिनधास्त ठाण मांडते. ब्रिटनमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, टीबीनंतर २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेले ५४४ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली होती. आपल्याकडे टीबी किती आहे हे पाहता, हा आजार दुर्मीळ आहे असे समजण्याचे कारण नाही. तो ओळखला कमी जातो, एवढेच.

तो ओळखला जात नाही याचे कारण त्याची लक्षणे टीबीसारखीच असतात. खोकला, रक्त, घटते वजन, थकवा, वरच्या भागात पोकळी दाखवणारा एक्स-रे, हे सारे दोन्ही आजारांत सारखे असते. त्यामुळे पूर्वी टीबी झालेल्या माणसाला ही लक्षणे दिसली, की टीबीच उलटला असे गृहीत धरले जाते. माझे स्पष्ट मत असे आहे, की जंतूंचा पुरावा नसताना दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा टीबीचा कोर्स देणे हे आता तरी थांबले पाहिजे. बेडक्यातील टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणी अवश्य करावी, मात्र जुन्या रुग्णात ती मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, विशेषतः उपचार संपून फार काळ लोटलेला नसेल तर. शंका राहिली, तर जिवंत जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या कल्चरचा निकाल येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते.

पोकळीतला गोळा कॅन्सरचा नसेल ना, ही तुमची भीती रास्त आहे आणि ती कोणी झटकून टाकू नये. सीटी स्कॅनमध्ये बुरशीच्या गोळ्याभोवती हवेची चंद्रकोर दिसते. रुग्णाला एकदा उताणे आणि एकदा पालथे झोपवून स्कॅन केला, तर सुटा गोळा पोकळीत एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरंगळलेला दिसतो. कॅन्सरची गाठ सहसा अशी हलत नाही. तरीही भिंत जाड आणि वेडीवाकडी असेल, किंवा वडील अनेक वर्षे बिडी-सिगारेट ओढत असतील, तर दुर्बिणीने तपासणी करून किंवा सुईने तुकडा काढून खात्री करून घ्यावी लागते. त्याच्या जोडीला रक्तातील ॲस्परजिलस आयजीजी, म्हणजे या बुरशीविरुद्धच्या प्रतिद्रव्याची, तपासणी करावी. या आजाराच्या बहुतेक रुग्णांमध्ये ती वाढलेली आढळते. तीन महिन्यांहून अधिक काळची लक्षणे, स्कॅनमधील खुणा, बुरशीचा रक्तातील किंवा कफातील पुरावा आणि टीबी व कॅन्सर नसल्याची खात्री, हे सगळे जुळले की निदान पक्के होते. त्याला क्रॉनिक पल्मनरी ॲस्परजिलोसिस म्हणतात, आणि डॉक्टरांच्या बोलण्यात ते ‘सीपीए’ म्हणून येते.

आता उपचार. पोकळी एकच, गोळा एकच, बाकीचे फुप्फुस धडधाकट आणि वजन-ताप-थकवा यांची तक्रार नाही, अशा रुग्णाला शस्त्रक्रियेने तो भाग काढून टाकणे हाच खरा इलाज असतो, कारण रक्तपुरवठा नसलेल्या त्या गोळ्यात गोळ्या-औषधे फारशी पोचत नाहीत. तुमच्या वडिलांचे वजन घटते आहे, त्याअर्थी बुरशी केवळ पोकळीत पडून राहिलेली नसून आजूबाजूचे फुप्फुसही हळूहळू पोखरत असावी. अशा वेळी तोंडाने घ्यायची बुरशीविरोधी गोळी दीर्घकाळ द्यावी लागते. फुप्फुसाची क्षमता चांगली असेल, तर छातीच्या शल्यविशारदाचे मतही जरूर घ्यावे. मात्र टीबीने चिकटलेल्या फुप्फुसावरची शस्त्रक्रिया अवघड असते, तेव्हा ती अशा शस्त्रक्रियांचा सराव असलेल्या ठिकाणीच व्हावी.

रक्ताविषयी वेगळे लिहितो, कारण यात वेळ दवडून चालत नाही. बेडक्यात रक्ताची रेघ दिसली, तर दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. अर्धा कप किंवा त्याहून अधिक रक्त पडले, किंवा रक्तासोबत धाप लागली, तर घरगुती उपाय न करता रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. नेताना त्याला आजार असलेल्या बाजूच्या कुशीवर, म्हणजे तुमच्या वडिलांना उजव्या कुशीवर, झोपवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही. ट्रॅनेक्झामिक ॲसिडने थोडा रक्तस्राव आटोक्यात येतो. जास्त असेल, तर जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी सरकवून रक्त झिरपणारी रक्तवाहिनी बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. त्याने जीव वाचतो. पण बुरशीवर औषध सुरू केले नाही, तर काही महिन्यांनी दुसरी वाहिनी फुटण्याची शक्यता राहते, आणि घरी परतल्यावर नेमका हाच भाग विसरला जातो.

प्रश्न : मला सीपीए असल्याचे निदान होऊन इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. सहा महिने घ्या असे आधी सांगितले होते, आता वर्षभर म्हणतात. औषध महाग आहे. शिवाय कॅप्सूल ‘कोल्ड्रिंकसोबत घ्या’ असा सल्ला मिळाला, तो मला विचित्र वाटला, कारण मला ॲसिडिटी आहे आणि मी रोज सकाळी त्याची गोळी घेतो. बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही चालू आहेत. — एक वाचक, उमरेड

उत्तर : सहा महिन्यांऐवजी वर्षभर, हा बदल कोणाच्या लहरीवर झालेला नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत नव्याने निदान झालेल्या रुग्णांचे दोन गट करून एकाला ६ महिने आणि दुसऱ्याला १२ महिने इट्राकोनॅझोल दिले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांत ६ महिन्यांच्या गटातील सुमारे ३८ टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर १२ महिन्यांच्या गटात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. आपल्याच देशातील, बहुतांशी टीबी होऊन गेलेल्या रुग्णांवरचा हा पुरावा असल्याने तो तुम्हाला थेट लागू पडतो. सहा महिन्यांनी बरे वाटते म्हणून औषध सोडले आणि आजार उलटला, तर खर्च पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो, एवढे हिशेबात धरावे.

कोल्ड्रिंकचा सल्ला विचित्र वाटला तरी बरोबर आहे. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल उघडून पाहिली, तर आत पावडर नसून राळ्याच्या दाण्यांएवढे बारीक, पांढरट मणी दिसतात. त्या मण्यांवर औषधाचा थर असतो आणि तो विरघळण्यासाठी पोटात आम्ल लागते. म्हणून कॅप्सूल भरल्या पोटी, म्हणजे वरण-भात, पोळी-भाजी असे पूर्ण जेवण झाल्यावर लगेच घ्यावी. चहा-बिस्किटावर घेतलेली कॅप्सूल अर्धीमुर्धी वाया जाते. तुम्ही रोज सकाळी घेत असलेली ॲसिडिटीची गोळी, मग ती पॅन्टोप्राझोल असो, ओमेप्राझोल असो वा रॅबेप्राझोल, पोटातले आम्लच बंद करते आणि कॅप्सूल तशीच पुढे निघून जाते. ती गोळी खरोखर हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा ती कधीतरी लिहून दिलेली असते आणि मग सवयीने वर्षानुवर्षे चालू राहते. हवीच असेल, तर कॅप्सूलसोबत कोलासारखे आम्लधर्मी पेय घेण्याचा सल्ला दिला जातो. मधुमेह असल्यास साखरेशिवायचे पेय निवडावे. द्रवरूपातील इट्राकोनॅझोलचा नियम याच्या उलट आहे, ते उपाशीपोटी घ्यायचे असते. सुबा नावाने मिळणारा नवा प्रकार आम्लावर एवढा अवलंबून नसतो आणि त्याची मात्राही वेगळी असते, म्हणून मेडिकलवाल्याने ‘हेच ते’ म्हणून हातात ठेवलेले पाकीट न तपासता घेऊ नये. एकाच नावाच्या औषधात कंपनीगणिक मण्यांची संख्या आणि आकार बदलतात, तेव्हा कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगावे.

नेहमीची मात्रा २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी असते. औषध रक्तात पुरेसे उतरले की नाही, हे साधारण दोन आठवड्यांनी रक्तातील पातळी मोजून समजते. ती प्रति लिटर किमान ०.५ मिलिग्रॅम, शक्यतो १ मिलिग्रॅमच्या वर असावी. ही तपासणी प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही, नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. तरी वर्षभराच्या औषधाचा खर्च पाहता एकदा केलेला हा खर्च वाया जात नाही.

आता इतर गोळ्या, कारण खरा धोका येथे आहे. इट्राकोनॅझोल यकृतातील एका विकराची (एन्झाइमची) वाट अडवते आणि त्याच वाटेने शरीराबाहेर पडणारी कित्येक औषधे रक्तात साचू लागतात. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन चालू असेल, तर स्नायू झिजण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी रोझुव्हास्टॅटिन चालते का, हे विचारावे. बीपीच्या ॲम्लोडिपिनने पाय अधिक सुजतात. मुळात इट्राकोनॅझोलनेही पायांवर सूज, रक्तदाबात वाढ आणि रक्तातील पोटॅशियम कमी होणे असे त्रास होतात, आणि ज्यांचे हृदय आधीच अशक्त आहे, त्यांच्यात ते हृदय निकामी होण्यास कारणीभूत ठरू शकते. हृदयविकाराचा इतिहास असेल, तर तो लपवू नये आणि आधी इको करून घ्यावा. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी यकृताची तपासणी करावी. कावीळ, सतत मळमळ, पायाला मुंग्या, धाप वाढणे किंवा वजन एकाएकी वाढणे यांपैकी काही जाणवले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

सीओपीडी किंवा दम्याच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहितो. आपल्याकडे श्वासावाटे घ्यायच्या बहुतेक पंपांत ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड असते. एरवी ते फुप्फुसापुरते काम करते, पण इट्राकोनॅझोलसोबत घेतले तर रक्तात साचून चेहरा गोल होणे, साखर वाढणे, कातडी पातळ होणे आणि शरीरातील स्वतःचे स्टिरॉइड बनणे बंद पडणे असे परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतात. बेक्लोमेथासोनचा पंप त्यामानाने सुरक्षित असतो. पंप आपण होऊन बंद करू नये. बदलायचा का, हे विचारावे.

टीबीच्या औषधांतील रिफॅम्पिसिन नेमके उलट करते: ते इट्राकोनॅझोलला इतक्या वेगाने शरीराबाहेर काढते, की कॅप्सूल घेऊनही न घेतल्यासारखे होते. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो. दोन्ही आजार एकाच वेळी असल्यास आधी कशावर आणि कशाने उपचार करायचे, हा निर्णय तज्ज्ञांचाच.

व्होरिकोनॅझोल हे दुसरे औषध अनेकांना ‘अधिक भारी’ वाटते. चंदीगडच्याच एका तुलनेत सीपीएच्या नव्या रुग्णांत ते इट्राकोनॅझोलपेक्षा सरस ठरले नाही आणि त्याचे दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. ते उपाशीपोटी घ्यायचे असते, घेतल्यावर काही वेळ डोळ्यांपुढे रंग किंवा लखलख दिसू शकते आणि उन्हाने कातडी भाजून निघते. वैशाखात ४५ अंशांच्या नागपुरी उन्हात शेतात किंवा दुचाकीवर हिंडणाऱ्या माणसाला ते देताना दोनदा विचार करावा लागतो. इट्राकोनॅझोल सोसले नाही किंवा त्याने गुण आला नाही, तर त्याची जागा आहे.

प्रश्न : मला वीस वर्षांपासून दमा आहे. गेल्या वर्षभरात तो पंपाने आवरत नाही. खोकल्यातून घट्ट, तपकिरी तुकडे पडतात. रक्तातील आयजीई (ॲलर्जीत वाढणारे प्रतिद्रव्य) ४,२०० आले आणि डॉक्टरांनी एबीपीए सांगून प्रेडनिसोलोन सुरू करायला सांगितले. अंगात बुरशी असताना स्टिरॉइड घेतले, तर ती वाढणार नाही का? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : तुमची शंका तर्कशुद्ध आहे, पण एबीपीए, म्हणजे ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी ॲस्परजिलोसिस, हा संसर्गापेक्षा ॲलर्जीचा आजार आहे. श्वासनलिकेतल्या कफात बुरशी थोडीच असते. त्रास होतो तो तिच्याविरुद्ध शरीराने केलेल्या अतिरेकी आदळआपटीमुळे. तुम्हाला पडणारे तपकिरी, रबरासारखे तुकडे म्हणजे नलिकेत अडकून तिचाच आकार घेतलेला कफ होय. ते एखाद्या फांदीसारखे दिसतात, आणि हे वर्णन ऐकूनच डॉक्टरांना संशय येतो. त्यासाठी ॲस्परजिलस फ्युमिगेटसची विशिष्ट आयजीई तपासणी आवश्यक असते. २०२४ साली सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत एकूण आयजीईची मर्यादा १,००० वरून ५०० पर्यंत खाली आणली आहे. तुमची पातळी त्याच्या कितीतरी वर आहे.

उपचार दोन मार्गांनी होतो. प्रेडनिसोलोन चार महिने, मात्रा हळूहळू कमी करत, किंवा इट्राकोनॅझोल चार महिने. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय तुलनेत प्रेडनिसोलोन घेणाऱ्या सर्व रुग्णांना गुण आला, तर इट्राकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के रुग्णांना. दुष्परिणाम मात्र दुसऱ्या गटात बरेच कमी होते. त्यामुळे मधुमेह, हाडांची झीज किंवा काचबिंदू असेल, तर इट्राकोनॅझोलचा विचार करण्यास पुरेसा वाव आहे, आणि हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. दर दोन महिन्यांनी आयजीई पाहतात. ती नॉर्मलवर यावी अशी अपेक्षा नसते. किती उतरली, हे महत्त्वाचे असते. पुढे ती तुमच्या स्थिर पातळीहून दीडपट झाली आणि सोबत त्रास वाढला, तर आजाराने पुन्हा डोके वर काढले असे समजतात. हा आजार उलटतो, आणि दुर्लक्ष केले तर नलिका कायमच्या रुंदावतात. तुमच्या छातीच्या एक्स-रेवर दिसणारे डाग पाहून कोणी टीबीचे औषध सुचवले, तर एबीपीएचे रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा.

जे डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड घेतात, त्यांच्याविषयी मला चिंता नाही. चिंता वाटते ती मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेऊन ‘धाप लागली की एक’ असे वर्षानुवर्षे करणाऱ्यांची, कारण त्या गोळ्यांनी बरे वाटते आणि त्याच गोळ्या बुरशीला रान मोकळे करून देतात.

प्रश्न : मी औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालो. सीओपीडी आहे. बेडक्याच्या रिपोर्टमध्ये कँडिडा आले आणि मला फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या. त्या घ्याव्यात का? — एक वाचक, कोराडी

उत्तर : बहुधा नको. कँडिडा तोंडात आणि घशात सर्रास असते आणि बेडका तोंडातूनच बाहेर येतो. शिवाय तुम्ही स्टिरॉइडचा पंप घेत असाल आणि नंतर चूळ भरत नसाल, तर ती हमखास वाढते. तोंडात पांढरे चट्टे असतील, तर त्यावर उपचार करावा. कँडिडाने फुप्फुसाला संसर्ग होणे अत्यंत विरळ आहे. ॲस्परजिलस आली असती, तरीही नुसत्या रिपोर्टवर औषध द्यायचे नसते, स्कॅन आणि रक्ततपासणी पाहावी लागली असती. आणि फ्लुकोनॅझोल त्या बुरशीवर चालतही नाही.

प्रश्न : माझ्या भावाला सीओपीडी असून तो न्यूमोनियाने आयसीयूमध्ये आहे. त्याला ‘फंगस’ असल्याचे सांगून ॲम्फोटेरिसिन सुरू केले आहे. ही करोनाच्या वेळची काळी बुरशीच का? — एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : असेलच असे नाही. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत जिची दहशत बसली ती म्युकरमायकोसिस, आणि ती मुख्यतः नाक, सायनस, डोळा यांना ग्रासत होती, विशेषतः साखर अनियंत्रित असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत. ती फुप्फुसातही होते, पण सीओपीडीच्या गंभीर रुग्णात ॲस्परजिलसचा आक्रमक संसर्ग अधिक वेळा आढळतो. हा प्रकार वरच्या पत्रांतल्या सीपीएसारखा महिनोन्‌महिने रेंगाळत नाही; तो दिवसांच्या हिशेबाने वाढतो. म्हणून येथे पूर्ण पुरावा हाती येण्याआधीच औषध सुरू करणे योग्य ठरते, आणि मधल्या काळात दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्याची गॅलॅक्टोमॅनन (ॲस्परजिलसच्या भिंतीतील एक घटक) व कल्चर तपासणी करतात.

कोणती बुरशी, हे का शोधायचे? ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे पहिल्या पसंतीचे औषध आहे, पण म्युकरवर त्याचा काहीच उपयोग होत नाही. ॲम्फोटेरिसिन दोन्हींवर चालते, म्हणून निदान होईपर्यंत ते निवडले असावे. त्याच्या लायपोसोमल प्रकाराने मूत्रपिंडांवरचा ताण कमी असतो, तरी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर पाहावे लागते. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: बुरशीचा पुरावा कशातून मिळाला, साखर किती आहे आणि स्टिरॉइडची मात्रा कमी करणे शक्य आहे का. शेवटचे दोन प्रश्न औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आणि गुरे आहेत. आईला टीबीनंतरचा सीपीए आहे. सडक्या संत्र्यांवरची हिरवी बुरशी तिला बाधेल का? घरात कूलर लावावा की नाही? — एक वाचक, काटोल

उत्तर : संत्र्यावरची हिरवी बुरशी ही बहुतांशी पेनिसिलियमच्या जातीची असते आणि आपल्या शरीराच्या ३७ अंशांच्या उष्णतेत ती वाढत नाही. ॲस्परजिलस फ्युमिगेटस मात्र ५० अंशांच्या आसपासही तग धरते, म्हणून तापलेल्या शेणखताच्या खड्ड्यात आणि ओल लागून आतून गरम झालेल्या कुटाराच्या ढिगात ती मुबलक असते. आईने कुटार उपसणे, बुरसटलेली ढेप फोडणे, खताचा खड्डा उलटणे आणि सोयाबीनच्या मळणीजवळ उभे राहणे टाळावे. नाइलाज असेल, तर नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. पदर किंवा दुपट्टा बीजाणू अडवत नाही.

कूलरशिवाय विदर्भातला उन्हाळा काढा, असे मी कोणाला सांगणार नाही. मात्र गेल्या उन्हाळ्यातल्या जुन्या ताट्या, मग त्या खसाच्या असोत वा लाकडाच्या भुशाच्या, तशाच ओल्या करून कूलर सुरू करू नये. दरवर्षी ताट्या नव्या घालाव्यात, टाकीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाकी घासून वाळवावी, आणि हे काम आईने नव्हे तर दुसऱ्या कोणी करावे. हंगामातल्या पहिल्या दिवशी कूलर तासभर चालवून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तोवर आईला दुसऱ्या खोलीत बसवावे. ही काळजी औषधाची जागा घेत नाही. बीजाणू हवेत सर्वत्र असतात, ते शून्यावर आणता येत नाहीत. मोठा मारा टाळणे एवढेच हाती असते. सोबत फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी.

प्रश्न : फुप्फुसातील बुरशी घरातल्या इतरांना लागते का? आम्ही काकांची ताट-वाटी वेगळी ठेवली आहे. — एक वाचक, सावनेर

उत्तर : नाही लागत. ॲस्परजिलस एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. खोकल्याने नाही, भांड्यांनी नाही, अंथरुणानेही नाही. काकांच्या बेडक्याची टीबीची तपासणी निगेटिव्ह आली असेल, तर त्यांचे ताट आजच पंगतीत मांडा. तपासणी अजून झालेली नसेल, तर ती आधी करून घ्या. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी छातीरोगाचा विभाग आहे. जाताना जुने सगळे एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म सोबत न्याव्यात, नुसते रिपोर्टचे कागद नकोत, कारण पोकळी वाढली की तेवढीच राहिली, हे जुन्या फिल्मशेजारी नवी फिल्म धरल्यावरच कळते.